वाळलेला टॉवेल

आमच्या बोळात बारा वाजले की
कुत्रीसुद्धा मोरीच्या ओलीवर पोट टेकतात.
पत्रा तापून टक्‌ टक्‌ बोलायला लागतो.
नळाला हात लावला तर चटका,
पाणी तसंही पाचव्या दिवशी.

बालमणी क्यातम. वय पंचाहत्तर की ऐंशी,
तिलाच माहीत नाही. म्हणते,
गिरणीचा भोंगा वाजायचा तेव्हा मी परकरात होते.
बोटं अजून विड्या वळतात,
पान नसलं तरी, हवेतच.
मुलगा भिवंडीला. रविवारी फोन.

मी रात्रपाळीला, टेरी टॉवेलच्या मागावर.
एक पीस बिघडला, काठाला धागा तुटून रेघ पडली.
शेठनं बाजूला फेकला, मी मागून आणला.
तिला म्हटलं, आजी, हा ओला करून
दाराच्या कडीला अडकवायचा.
वाळला की परत भिजवायचा,
आणि भिजवताना एक तांब्या स्वतःच्या पोटात.
टॉवेल ओला, म्हणजे तू बरी आहेस.
वाळला, तर मी येणार. झोपेतनं उठून.

"मी काय दुकान आहे काय बे, पाटी लावायला?"
म्हणाली, पण लावला.

एप्रिल सरला. पंखा नुसता गरम वारा ढवळायचा.
पोरांना एक खेळ मिळाला,
जाता-येता बालमणीचा टॉवेल पिळायचा,
थेंब पडला की ओरडायचं.

त्या मंगळवारी पोरं कुठल्याशा लग्नाला गेली होती.
मी अडीचला लघवीला उठलो.
कडीवरचा टॉवेल
कडक भाकरीसारखा. मोडला असता.

दार लोटलं.
ती भिंतीला टेकून, पाय पसरून.
अंगाला हात लावला, तवा.
घामाचा एक थेंब नाही.
आयुष्यभर घामाला शिव्या दिल्या मी,
तो नसण्याला त्या दिवशी भ्यालो.
माझ्याकडे बघून ती तेलुगूत
कुणालातरी म्हणाली, आधी जेवून घ्या,
मग बसा मागावर.
तिच्या घरातला माग विकून तीस वर्षं झाली.

मी तांब्या तिच्या तोंडाला लावणार, तेवढ्यात
अनसूया पोगुल, आमची आशाताई, दारातनं ओरडली,
शुद्धीत नाही ती, तोंडात ओतू नको! अंगावर ओत!
कोपऱ्यात दोन घागरी होत्या. काठोकाठ.
पाच दिवसांचं पाणी
एका मिनिटात तिच्यावर उपडं केलं.
मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी,
पुठ्ठ्यानं वारा, एकशे आठला फोन,
आणि गाडी येईपर्यंत अनसूया तिचं नाव
पुन्हा पुन्हा हाक मारल्यासारखं घेत राहिली.

चौथ्या दिवशी सिव्हिलच्या खाटेवर मी विचारलं,
घागरी भरलेल्या होत्या की गं,
प्यायली का नाहीस?

बराच वेळ छताकडे बघत राहिली.
मग हळू आवाजात, मी पुरुष म्हणून
तोंड दुसरीकडे करून:
"प्यालं की जावं लागतं.
संडास बोळाच्या त्या टोकाला.
डांबराला चप्पल चिकटते.
मागच्या साली पडले होते तिथंच,
उन्हात, किती वेळ कोण जाणे.
कुणाला हाक मारायची, लुगडं वर गेलेलं?"

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.
टॉवेल आला, तांब्या आला, हे नाही.

राजेशम जॉबरनं प्लास्टिकच्या खुर्चीला
मधोमध भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या,
खाली बादली, भोवती जुन्या चादरीचा पडदा.
बालमणीनं दोन दिवस खुर्चीला पाय लावला नाही.
तिसऱ्या दिवशी पोरांना हाकलून दार लावून घेतलं.
आता पिते. ताकात मीठ कमी पडलं
तर माझ्या बायकोचा उद्धार करते.

आमच्या बोळात म्हातारी माणसं असलेली
अजून अकरा दारं आहेत. मोजली मी.

काल रात्री मागावर, दोनच्या सुमाराला,
मी काठाचा एक धागा
मुद्दाम तोडला.
सकाळी शेठ पीस उजेडात धरून म्हणाला,
"तुझा हात बिघडूलालाय बे."

हो म्हटलं, शेठ.
उन्हाळा आहे.