परिशिष्ट एकेचाळीस

पहिली केस चिकोडी कोर्टातली.
सदलग्याच्या दोन भावांमधला दीड गुंठ्याचा बांध.
फिर्याद कन्नडमध्ये, शिव्या मराठीत,
निकाल इंग्रजीत, तोही नऊ वर्षांनी.
तोवर दूधगंगेनं तो बांध
मधल्या बाभळीसकट नेला होता.
हुकूमनामा हातात धरून धाकटा विचारत होता,
"आता ह्यो कुणाला दाखवू, बाई?"
माझे सीनियर खोत वकील
पानाला चुना लावत म्हणाले,
"पाण्यावर समन्स बजावता येत नाही."

मी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं
आणि पुढची एकतीस वर्षं
खोडत बसले.

बेळगावच्या खडेबाजारात शिवलेला काळा कोट
हेगच्या थंडीला पुरायचा नाही.
आत स्वेटर, स्वेटरच्या बाहीत रुमाल.
माझं अशील एक बेट:
सगळं मिळून आमच्या तालुक्याच्या पाव हिश्श्याचं,
सर्वांत उंच जागा म्हणजे चर्चची पायरी.
त्यांचा मंत्री, मासे सोलून बोटं राठ झालेला माणूस,
दर भेटीत एकच विचारायचा:
देश बुडाल्यावर माझी सही चालेल का?
मी कलमं सांगायची.
तो मान हलवायचा, समजल्यासारखी नाही,
आजाऱ्याच्या उशाशी बसलेला हलवतो तशी.

अर्जाला चाळीस परिशिष्टं होती,
उपग्रहाची छायाचित्रं, भरतीचे तक्ते,
वितळलेल्या बर्फाची वजनं.
एकेचाळिसावं मी न विचारता जोडलं:
आमच्या शाळेच्या भिंतीचा फोटो.
भिंतीवर दस्तगीर पेंटरनं ओढलेल्या लाल रेघा.
दोन हजार पाचची माझ्या कमरेला,
एकोणीसची खिडकीच्या वरच्या चौकटीला,
पाढ्यांच्या तक्त्यातला एकोणतीसपर्यंतचा भाग खाऊन.

दस्तगीर दोन्ही भाषांत पाट्या रंगवायचा.
कन्नड पाटीला एका रात्री डांबर फासलं,
मराठी पाटीला दुसऱ्या.
दोन्ही वेळा घासायला त्यालाच बोलावलं,
दोन्ही वेळा मजुरी बाकी ठेवली.
रेघांना मात्र कुणी हात लावला नाही.
त्या कुठल्या भाषेत आहेत
हेच कुणाला ठरवता येईना.

सुनावणीच्या आदल्या रात्री
आमच्या मुख्य वकिलांनी पेन्सिलनं हलकी फुली मारली.
"भिंत बोलकी आहे,
पण ती आपल्या अशिलाची नाही."
कायद्यानं त्यांचं बरोबर होतं.
त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.
स्टेपल मीच उचकटली, पिन नखात गेली,
आणि सोळा प्रतींमधून सोळा वेळा
माझी शाळा बाहेर आली.
दुसऱ्या दिवशी मला अकरा मिनिटं होती.
मी दहा वापरली.
एक अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

निकाल आमच्या बाजूनं आला.
म्हणजे शब्द आमच्या बाजूनं आले.
मंत्र्यानं फोटो पाठवला:
पायरीवर बसलाय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

यंदा गावी गेले तेव्हा
चिखल अजून बाकांवर वाळत होता.
दस्तगीर शिडीखाली डबा ढवळत बसलेला,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
"जजसाहेबांनी बघितली न्हवं आमची रेघ?"
खोटं बोलायचा मला तीस वर्षांचा सराव आहे,
सभ्य, कलमवार.
"काढावी लागली, दस्तगीरभाई. शेवटच्या रात्री."
त्यानं ब्रश डब्याच्या काठाला पुसला.
"काढलीसा. पुसली तर न्हाई न्हवं?"
मग रंगात भिजवलेल्या दोरीचं एक टोक
माझ्या हातात दिलं
आणि स्वतः दुसरं घेऊन
भिंतीच्या त्या टोकाला शिडी चढला.

यंदाची खूण खिडकीच्याही वर होती.
मी बाकावर उभी राहिले, टाचा उचलून.
लाल ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला.
तो एक डोळा मिटून
बराच वेळ बघत राहिला.
"ताणून धरा, वकीलबाई,
तुमच्या अंगाला खाली गेलीया."