दीड हात

मार्च, सकाळी सात. हॅनकॉक.
ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरून रेनो विचारतो
आणि आम्ही परवचा म्हटल्यासारखी उत्तरं देतो.

तार कुठे?
मेपलच्या मागे, पूर्वेला.
जिवंत?
वीज कंपनीचा माणूस स्वतः येऊन सांगेपर्यंत
प्रत्येक तार जिवंत.
किती लांब राहायचं?
दहा फूट. फांदीसकट, करवतीसकट,
आर्वोच्या लांबलचक हातांसकट.
वारा?
सरोवराकडून. अजून माणसात आहे.
खाली कोण?
मी.

खाली म्हणजे नुसतं उभं राहणं, असं माझ्या आईला वाटतं.
हेल्मी, वर बघत बसायचे पैसे देतात का गं तुला?

देतात, आई.
चाकांमागे ठोकळे लावायचे,
ट्रकच्या चारी पायांखाली जाड फळ्या सरकवायच्या,
कारण गोठलेली जमीन
उन्हं चढली की शब्द फिरवते.
नारिंगी शंकू मांडायचे,
पोस्टमनला पलीकडच्या कडेने पाठवायचं,
शाळा चुकवलेल्या पोराला दोनदा.
आणि नजर खालच्या लिव्हरवर:
वरचा माणूस मान टाकून पडला
तर त्याला उतरवणारी हीच.
तीन वर्षांत चाचणीपुरताच हात लावलाय तिला,
देव करो.

पण बादली तारेला टेकलीच
तर लिव्हरला नाही, ट्रकला नाही,
कशालाच हात लावायचा नाही.
लांब सरायचं, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, फोन करायचा
आणि तो वर एकटा असताना
इथे उभं राहायचं.
हा नियम मला पाठ आहे.
पाळता येईल का, माहीत नाही.

आर्वो बादलीत चढतो.
पट्ट्याचा आकडा बादलीच्या दांड्याच्या कडीत,
झाडाला कधीच नाही
(झाडाचा काय भरवसा, त्यालाच तर कापतोय आपण).
अडकलं, तो ओरडतो.
अडकलं, मी ओरडते.
मग ती पिवळी मान वर जाते,
आणि माझीही.

साडेदहापर्यंत सगळं उतरलं.
एक सोडून.
मिसेस टर्व्होनेन कॉफीचा मग घेऊन पायरीवर आल्या,
बोट दाखवलं: ती राहिली बघा,
माझ्या चिमण्यांच्या दाण्याच्या डब्यावरची.
वाळकी, मनगटाएवढी.
आर्वोने हात लांबवला.
दीड हात कमी.

बादलीच्या काठावर
बुटाच्या रुंदीच्या दोन घासलेल्या खुणा आहेत.
माझ्या आधीच्या.
दर वसंतात रेनो सगळा ट्रक रंगवून घेतो,
तेवढ्या खुणा सोडून.
कुणाच्या, ते मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.

आर्वोचा गुडघा वर आला.
ओरडावं असं काही नव्हतं.
मी फक्त म्हटलं, आर्वो, पाय.

क्षणभर तो तसाच.
मग पाय तळाला.
मग बादली खाली,
ट्रकचे पाय वर, फळ्या बाहेर, ठोकळे बाहेर,
ट्रक आठ फूट पुढे,
ठोकळे, फळ्या, पाय,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
रेनो वाकून, कंबरेला हात लावून.
शंकू नव्याने. पोस्टमन परतीच्या वाटेवर, पुन्हा पलीकडून.
पंचवीस मिनिटं.
एवढ्याशा काडीसाठी? मिसेस टर्व्होनेन म्हणाल्या,
आणि गार झालेली कॉफी बर्फात ओतली.

अडकलं.
अडकलं.
करवत चार सेकंद चालली.

संध्याकाळच्या कागदावर शेवटचा रकाना असतो:
काही विशेष घडलं का?
रेनोने लिहिलं, नाही.
आर्वोने खिशातला वेलदोड्याचा पाव मोडला,
मोठा तुकडा न बोलता माझ्याकडे सरकवला.
वरच्या साखरेला
करवतीच्या तेलाचा वास होता.
मी सगळा खाल्ला.