वाढत्या अंगाची

मास्तर, तुमचा फर्मा आज खिळ्यावरून काढला.
खाकी कागद, कडा तेलकट,
आसनाच्या गोलाईपाशी दोनदा चिकटवलेला,
आणि पाठीवर पेन्सिलीनं तुमचं तिरकं अक्षर:
‘फुलपँट, वय आठ. दाब दीड इंच सोडणे.’

उद्यमनगरातल्या निम्म्या साचेवाल्यांची पोरं
या कागदातून शाळेत गेली.
दर जूनला दाब उसवायचा, पँट खाली उतरायची,
आणि जुन्या घडीची गडद रेघ
घोट्याच्या वर राहायची.
गेल्या वर्षीचं पोर तिथवर होतं.

तेजल कवाळे, वय आठ, गोलकीपर.
“वाढत्या अंगाची शिवा, वहिनी,” बाप म्हणाला,
आणि पिशवीतून काढलं होजिअरीचं कापड,
तिरुपूरच्या गठ्ठ्यातलं, किलोवर तोललेलं.
टेबलावर टाकलं तर कड आपोआप गुंडाळली,
खडूची रेघ मारली तर रेघेसकट सरकलं.

पहिली पँट मी तुमच्याच मापानं कापली.
चेन, चिमट्या, कंबरपट्टा, सगळं जसंच्या तसं.
ती घालून उभी राहिली
आणि गुडघ्याखाली पिशव्या लोंबल्या,
चेन पोटावर वाकडी झाली,
शिलाईच्या कडेनं बारीक भोकंच भोकं,
सुई फासे तोडत गेली होती.
“काकी, ह्यात अजून एक पोरगी मावंल की!”

मराठीत दोन्हीला आपण विणणंच म्हणतो, मास्तर,
माग असो नाहीतर सुया.
पण मागावरचं कापड जागचं हलत नाही,
उभ्याला आडवा, आडव्याला उभा अडून बसलेला,
म्हणून अंगाला हलायला जागा
आपण कापून द्यायची.
होजिअरीत एकच धागा, फाशात फासा;
जागा त्याच्या पोटातच असते.

मग कापड धुतलं. रात्रभर टेबलावर मोकळं पसरलं.
गठ्ठ्यात ताणलेलं असतं, आधी निजू द्यायचं,
हे मला इचलकरंजीच्या एका ओव्हरलॉकवालीनं सांगितलं.
सकाळी फर्मा वर्तमानपत्रावर ठेवून गिरवत बसले.
बाजूच्या दोन कडा एकमेकींना भिडवल्या,
पुढचा-मागचा भाग एक केला.
चेन गेली. चिमट्या गेल्या.
मांडीत पाऊण इंच आत, गुडघ्यातही तेवढंच,
आसन चार सूत वर.
तिथं हात थोडा थांबला.
ती गोलाई तुम्ही कुणाला शिकवली नाही,
मी तुमच्या कोपराच्या हालचालीवरून चोरली होती.

दाबही गेला. पाव इंच शिलाई, बास.
सुई गोल टोकाची, कमरेला इलॅस्टिक,
आणि कापडाला हात फक्त लावायचा, ओढायचं नाही;
ओढलं की पायाचा घेर
उन्हातल्या पापडासारखा वाकतो.
खाली मात्र एक घडी जास्तीची घातलीच.
सवय.

शनिवारी तिनं घातली.
आरशात बघितलंच नाही.
दुकानाच्या मधोमध डावीकडे झेप घेतली,
चिंध्यांच्या ढिगात,
नसलेल्या चेंडूवर दोन्ही हात.
इस्त्रीवाल्या हणमानं शिटी मारली.

उठली, मांड्या चाचपल्या, तोंड पडलं.
“काकी, खिसा कुठाय?”

होजिअरीचा खिसा लोंबतो.
दोन गोट्या टाकल्या तरी गुडघ्याला येतो.
म्हणून तुमच्या ट्रंकेतलं पांढरं पॉपलीन काढलं,
मागावरचं, चाळीस वर्षांच्या घडीचं,
आणि आतून लावलं.
ते ताणत नाही. धरून ठेवतं.

नवा कागद तुमच्याच खिळ्यावर अडकवलाय,
तुमच्या कागदाच्या मागं.
त्यावर एक बाण काढला, शेजारी लिहिलं: ताण आडवा.
मग वय.
आठ लिहिलं, थोडा वेळ बघत बसले,
आणि पुढं घातलं: ते दहा.