सातवा रकाना

दुकान उघडायला
दहा चौरस मीटर जागा लागायची, चालू फ्रिज,
नोंदणी असलेला फार्मासिस्ट, नकाशाच्या तीन प्रती
आणि आमच्या ऑफिसच्या सहा-सात चकरा.
बंद करायला एक कागद.

एकतीस वर्षं मी ते कागद घेतले,
ग्वाल्हेरच्या औषध परवाना शाखेत, पंख्याखालच्या टेबलावर.
सहा रकाने. नाव, पत्ता, परवाना क्रमांक,
बंद केल्याची तारीख, उरलेल्या मालाची विल्हेवाट, सही.
शिक्क्यासकट चार मिनिटं.
साहेब म्हणायचे, इंदापूरकर बाईंकडे कागद मुक्कामाला राहत नाही.
मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सुमतिचंद पाटोदींचा कागदही माझ्याच हाताखालून गेला,
मी निवृत्त झाले त्या वर्षीच्या मार्चमध्ये.
कारणाला रकाना नव्हता. तरी त्यांनी
सहीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं:
अब नहीं होता.
मी वाचलं. शिक्का जरा तिरका पडला, इतकंच.

दौलतगंजच्या वळणावर, पिठाच्या गिरणीला लागून
त्यांचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली,
वारा आला की एकमेकांवर आपटतात.
फ्रिज भंगारवाल्यानं नेला.
उधारीची वही मुलानं पुण्याला नेली म्हणे. तिचा तिथे काय उपयोग?

माझ्या खालच्या मजल्यावर अंबूताई रेठरेकर.
दोन्ही डोळ्यांनी अंधार, तोंडानं मात्र सगळ्या गल्लीचा हिशोब.
पाटोदी त्यांच्या गोळ्यांच्या पट्टीला दोरा बांधायचे.
एक गाठ सकाळची. दोन गाठी रात्रीची.
हे कुठल्या नियमात नव्हतं,
म्हणून बंद होताना कुणाला सोपवलंही गेलं नाही.

नई सडकेवरच्या चकचकीत दुकानातून मीच आणून देत होते.
मुलगा चांगला आहे, वीस टक्के सोडतो,
वर कागदी पिशवी देतो.
दोन्ही पट्ट्या गुळगुळीत, सारख्या, चंदेरी.

मे महिन्यात एका दुपारी
अंबूताईंनी हाकेला ओ दिली नाही.
टेंपोत घालून जयारोग्यला नेलं, डोकं माझ्या मांडीवर,
ड्रायव्हर भोंगा वाजवतोय आणि मी पट्टीवरची रिकामी घरं मोजतेय.
रात्रीची गोळी सकाळी. सकाळी, आणि परत सकाळी.
डॉक्टर पोरगेलासा होता, घामानं निथळलेला.
औषध कोण देतं ह्यांना? म्हणाला.
मला ती चार मिनिटं आठवली.
मी, म्हटलं.

वाचल्या. आठव्या दिवशी घरी आल्या नि पहिली तक्रार चहाची.

मग मी अर्ज लिहिला. अर्जाची भाषा मला येते.
सातवा रकाना असावा, लिहिलं.
दुकान बंद करण्याआधी नव्वद दिवस शटरवर नोटीस.
नेहमीच्या रुग्णांची यादी कुणाच्या हाती दिली, त्याचं नाव, त्याची सही.
रात्री दहानंतर ह्या वस्तीत कोण उघडं राहील.
पुढचं दुकान किती लांब,
आणि ते अंतर मोजताना कोण चाललं होतं.

माझ्या जुन्या टेबलावर आता एक मुलगी बसते, नखं रंगवलेली.
तिनं शेवटची ओळ दोनदा वाचली.
मॅडम, फॉर्म तर वरून येतो, म्हणाली,
पण आवक क्रमांक दिला, ठसठशीत अक्षरात.
आवक झालेलं कुठे जातं ते मला ठाऊक आहे.
ती कपाटं मीच लावलीत.

संध्याकाळी लाल दोरा घेऊन बसते.
माझी गाठ सैल पडते, अंबूताई बोटांनी चाचपतात
आणि म्हणतात, पाटोदीची सर नाही.

काल ऊन उतरल्यावर त्यांना हाताला धरून
नई सडकेपर्यंत गेले.
घरी आल्यावर कोऱ्या फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं:
अकराशे चाळीस पावलं, अंबूताईंच्या चालीनं.
दोनदा बसावं लागतं.
सावली: एक कडुनिंब,
तोही रस्त्याच्या पलीकडे.