गुरुवार

गुरुवारी दुपारी एल्युनेड फोन उचलत नाही.
मेंढ्या खालच्या कुरणात, नवरा ब्रेकनच्या बाजाराला,
सिंकमध्ये भांडी तशीच.
असू देत, भांड्यांना कुठे जायचंय?

मशीनवर आईच्या पडद्याचा तुकडा.
त्याला ग्विलिमच्या शाळेतल्या शर्टाची बाही जोडायची,
शाईचा डाग मुद्दाम मधोमध घेऊन.

दोरा सुईत जायला तीनदा नाही म्हणतो.
ती त्याला ओठांनी ओला करते,
टोक पिळते, समजूत काढते.

कोंबडी उंबऱ्यावरून डोकावून जाते.
चहा गार.
ऊन टेकडीपल्याड गेलं, कधी ते कळलंच नाही.

दिवा लावल्यावर दिसतं:
बाही उलटी शिवली गेलीय.
एकटीच हसते, उसवायला घेते.

म्हणजे पुढचा गुरुवारही
ठरलाच.