एक ठोका उशीर

भिवंडीच्या सत्यमनं दार केलंय.
डोंगर पोखरून आत तीनशे ठोकळ्यांची यंत्रणा,
लाल पूड तर पोत्यानं सांडलेली.
उघडतं. मान्य आहे, झकास उघडतं.
पण त्याच्याकडे मोठा कॉम्प्युटर आहे
आणि कारखाना बापाचा.

माझ्याकडे भावाचा फोन, काच तडकलेली,
रात्री दहाला तो झोपला की माझा.
ठोकळे वाढले की तापतो,
चढावरच्या गाढवासारखा मध्येच बसतो.
लोखंडाची खाणही मला अजून सापडलेली नाही,
आहे ते अकरा पिस्टनपुरतं.
म्हणून माझं दार लहान.
म्हणजे, तसं मी सांगते.
खरं तर मला लहानच आवडतं.

विडी घरकुलात खोली एक, माणसं पाच.
नळाला पाणी चार दिवसांनी,
तेव्हा घागरी, कळशा, रंगाचा जुना डबा,
कशात काय बसतं
हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं.
अम्मा पानावर पत्रा ठेवते, फिरवते,
शीर चुकवते, पुन्हा जरासा फिरवते
आणि दोन विड्यांचं पान काढते
जिथं शेजारची नरसव्वा एकाचंच काढते.
पान वजनावर मिळतं. कमी पडलं तर मजुरीतून जातं.
अम्मा मला म्हणते,
बोटं दुखत नाहीत का गं तुझी?

तर दार.
भिंतीत भिंतीसारखं मिसळणारं,
दोन रुंद, दोन उंच.
उघडायची तार वेगळी, मिटायची वेगळी,
मागं पाच खोल.
तीन आठवडे मी ते चारवर आणायला बघत होते.
एक ठोकळा काढायचा, बटण दाबायचं,
बिघडलं की गुपचूप परत ठेवायचा,
दुसऱ्याच्या घरातली बरणी हलवावी तसा.

नाना जॉबर होते, चादरीच्या मागांवर,
अक्कलकोट रोडला.
माग भंगारात गेले, किलोवर.
आता त्याच गेटवर रात्रपाळीचे वॉचमन.
परवा सुट्टी होती. पाणी प्यायला उठले
आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिले,
तांब्या हातात तसाच.
मला वाटलं, ओरडणार.

"ही दुसरी तार कशाला?"
उघडायला एक, मिटायला एक, मी म्हटलं.
"धोटा गेला त्याच वाटेनं येतो.
यायला दुसरा रस्ता बांधतं का कुणी?"

मी दुसरी तार उपटली. सगळी.
नऊ ठोकळे एका दमात.
बटण दाबलं
तर चारी बाजू एकदम धावल्या, एकमेकींत अडकल्या,
भिंतीला भोक, भोकात दगड.
नाना हसले.
कित्येक महिन्यांनी, आणि आवाज न करता,
अम्मा उठू नये म्हणून.
"दोरे उघडायच्या आत धोटा सोडलास. तुटणारच.
एक ठोका उशीर ठेव."

रिपीटर एक. सगळ्यात कमी उशिरावर.
त्याला बसायला जागा कुठं होती इतके दिवस?
ती तार उपटली, तिथंच झाली.

दाबलं.
आधी मागचे मागं सरले,
मग, पापणी लवेल एवढ्यानं, बाजूचे बाजूला.
तीन खोल.
तीन!
फोन कोमटसुद्धा नाही.

"चालु," नाना म्हणाले
आणि राहिलेलं पाणी प्यायले.

आमच्या घरातल्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे, बास.
उंबऱ्याबाहेर, मराठीत, चालू म्हणजे सुरू.
ते कुठल्या भाषेत बोलले
हे विचारायचं राहिलं. घोरायला लागले होते.

सकाळी सत्यमला दाखवलं.
एवढंच? म्हणाला.
मग थोड्या वेळानं: दारामागं काय आहे?

दारामागं अजून काही नाही.
दोन ठोकळ्यांची जागा उरलीय.
नाना पाळीवरून आले की विचारते,
काय ठेवायचं.