उलट्या पावली

तेरच्या पांढरीत उंदरांनी बिळं उकरली
की मणी वर येतात.
आम्ही दोघी डबा घेऊन वेचायचो:
मी, मुद्रिका, कुंभाराची,
अन् जैतून तांबोळी.
शंखाचे मणी, हस्तिदंताची कपची,
एकदा मातीचा दिवा, त्यावर
केसांच्या जागी साप असलेली बाई.
जैतून म्हणाली, हिची वेणी कोण घालत असंल?

समुद्रापलीकडचे व्यापारी इथवर यायचे म्हणे.
दारूचे रांजण उतरवले, कापूस भरला, गेले.
त्यांच्यासंगं आलेले देव मात्र
परत न्यायचे विसरले.
ते आहेत अजून.
तेरणेच्या तळाखाली.

वैशाखात जैतून घागर घेऊन बारवेत उतरली.
घागर तेवढी वर आली.

गाव रडलं. मी नाही रडले,
माझ्याकडं नाणं होतं.
एका बाजूला नाकाड्या राजा,
दुसऱ्या बाजूचं झिजून गेलेलं.

अवसेच्या रात्री कोरड्या नदीत होडी दिसली.
वाळूत वल्हं मारणारा म्हातारा म्हणाला,
"भाडं घेऊन कुणी येतच नाही इकडं.
तुम्ही मेल्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवता,
मी त्याचं काय करू?"
नाणं दाताखाली चावून बघितलं.
"बस."

खाली विझल्या आव्यासारखा वास.
दारात तीन तोंडांचं कुत्रं.
एका भाकरीचे तीन तुकडे टाकले.
पोट एकच, तरी तोंडं भांडली.
भावकीच ती.
मी बाजूनं आत.

राजाचा आवाज थंड रांजणातून आल्यासारखा:
"ही जायची नाही. हिनं इथलं फळ खाल्लं.
ज्याच्या पोटात इथलं बी, तो इथला."

जैतूननं मूठ उघडली.
सीताफळाच्या त्रेचाळीस बिया,
काळ्याभोर, चोखून लख्ख.
"बिया कोण गिळतंय?" ती म्हणाली.

राजाशेजारची राणी हसली.
तिनं कधीकाळी डाळिंबाचे सहा दाणे गिळले होते,
बियांसकट.
हसता हसता तिचे डोळे कुठंतरी
फुलांच्या माळावर गेले,
अन् परत आले.

"ने," राजा म्हणाला.
"तू पुढं, ती मागं. वळून बघितलंस की संपलं."

वाटेत एक खड्डा होता,
कुणीतरी गाणारा तिथंच गर्रकन वळला होता म्हणे,
टाचेचा भोवरा अजून मातीत.

मी वळलेच नाही.
माझं तोंड आधीपासून तिच्याकडं होतं.
तशीच निघाले, पाठ उजेडाकडं,
हडळीसारखी उलट्या पावली.
"डावीकडं दगड हाय," जैतून सांगायची,
"आता पायरी. वाक. आगं वाक की!"
माझ्या पाऊलखुणा सगळ्या
खालीच उतरणाऱ्या.
कुत्रं त्या हुंगत हुंगत
पाताळाच्या पार तळाला गेलं.

काठावर म्हातारा.
"परतीचं भाडं. दोघींचं."
मणी नको म्हणाला. बांगड्या नको.
माझा हात हातात घेऊन
बराच वेळ अंगठा बघत बसला.
"ही नक्षी दे."

दिली.

गावानं फार विचारलं नाही.
पोरगी मामाकडं गेली होती, असं ठरलं.
तिच्या परसात आता सीताफळाचं रोप गुडघ्याएवढं.
बारवेकडं मात्र ती जात नाही,
मीच दोन घागरी आणते.

अन् दर महिन्याला रेशनच्या दुकानात
मी मशीनवर अंगठा ठेवते.
लाल दिवा.
"पूस. परत ठेव," दुकानदार वैतागतो,
"माती मळून मळून घालवलास की काय?"
मी ओढणीला पुसते. परत ठेवते.
लाल.

मागं रांगेत जैतून उभी असते,
हसू दाबत.
मला ऐकू येतं.

मी वळून बघत नाही.